कपाटाचं दार आपटतं, भिंतीपलीकडचा माणूस जागा होतो

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात आवाजाच्या त्रासाबद्दल येणारी पत्रं मी नेहमी वाचते. भोंगे, हॉर्न, फटाके, मंडपातले स्पीकर, रात्री उशिरापर्यंत चालणारं बांधकाम. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले आणि राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ व रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल अशी मर्यादा ठरली, हे आता बऱ्याच वाचकांना ठाऊक आहे. मला आज ज्या आवाजाबद्दल लिहायचं आहे, त्यासाठी पोलीस चौकीत जाता येत नाही. तो आपल्याच घरातून निघतो. स्वयंपाकघरातल्या आणि बेडरूममधल्या कपाटांची दारं आपटण्याचा आवाज. तो थांबवणं आपल्या हातात आहे आणि बहुतेक घरांत त्याला फार थोडे पैसे लागतात, म्हणून पत्र लांबलं तरी छापावं, ही विनंती.

विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता गल्ल्यावर मी बसते. खिळे, स्क्रू, कड्या-कोयंडे, नळाचे वॉशर, फेविकॉल, ट्रॉलीचे चॅनल, सगळं ठेवते. सुतार माल न्यायला येतात आणि काही महिन्यांनी त्याच घरातल्या बायका तक्रार घेऊन येतात. एकाच कपाटाबद्दल दोघांचंही म्हणणं त्यामुळे माझ्या कानावर येतं.

कन्नमवार नगर ही म्हाडाची जुनी वसाहत. गेली काही वर्षं इथली एकेक इमारत पुनर्विकासाला जाते आहे आणि तिच्या जागी टॉवर उभा राहतो आहे. जुन्या घरात भिंतीतलं फडताळ, भांड्यांची मांडणी आणि एक लोखंडी कपाट एवढ्यावर संसार व्हायचा. नव्या घराची किल्ली मिळाली की पहिलं काम किचनचं निघतं. ओट्याखाली ट्रॉल्या, ओट्यावर ओव्हरहेड, बेडरूमला भिंतभर वॉर्डरोब, त्याच्यावर छतापर्यंत माळ्याची शटरं, म्हणजे कपाटाची दारं. छोट्या घरातही दारं आणि खण मिळून वीसेक होतात. गृहप्रवेशाचा मुहूर्त काढलेला असतो, भाड्याच्या जागेची मुदत संपत आलेली असते, त्यामुळे घरच्यांनाही घाई आणि सुतारालाही घाई. रंग कुठला, हँडल कसलं, ग्रॅनाइट काळा की हिरवा, यावर आठवडा जातो. दार ज्या वस्तूवर फिरणार, ती हिंज कुठली लावायची हे मात्र शेवटच्या दिवशी सुतार एकटा ठरवतो.

मुंबईत एका घरातली सगळी माणसं एका वेळी झोपत नाहीत. बेस्टच्या पहिल्या पाळीचा कंडक्टर, घरोघर पेपर टाकणारा मुलगा, रात्रपाळीचा वॉचमन, परदेशी कंपनीच्या वेळेप्रमाणे काम करणारी सून. पहाटे चारला कुणीतरी डबा करायला उठतं आणि त्याच स्वयंपाकघरात, ओट्यापासून हातभर अंतरावर, दुसऱ्या कुणाचं अंथरूण असतं. चहापत्तीचा डबा काढला, दार हातातून सुटलं, ठाप्. साखरेचा डबा, पुन्हा ठाप्. ती बाई मोठा दिवा न लावता, भांडं वाजू न देता वावरत असते आणि तिने जपलेलं सगळं हे दार वाया घालवतं. घरात तान्हं मूल असेल, आजारी माणूस असेल, कानाला यंत्र लावणारे आजोबा असतील, तर हा आवाज किती टोचतो ते त्या घरांना विचारावं. कानाच्या यंत्रातून असा अचानक ठोका ऐकणं फार त्रासाचं असतं, असं मला आमच्या गिऱ्हाइकांनीच सांगितलं आहे.

आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक सिस्टर आहेत. रात्रपाळी करून सकाळी घरी येतात आणि पडदे ओढून झोपतात. त्यांच्या उशाशी जी भिंत आहे, तिच्या पलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर. अकराच्या सुमारास तिथे स्वयंपाक सुरू झाला की ओव्हरहेडची दारं आपटायला लागायची. सिस्टर दुकानात आल्या त्या भिंतीला चिकटवायला थर्माकोल किंवा फोम आहे का, असं विचारत. मी तो विकला नाही, कारण त्याने काही होणार नव्हतं. बोलण्याचा किंवा टीव्हीचा आवाज हवेतून येतो, तो भिंत बऱ्यापैकी अडवते. दाराच्या ठोक्याचं तसं नाही. कपाट भिंतीला स्क्रूने आवळलेलं असतं, म्हणून ठोका कपाटातून स्क्रूत, स्क्रूतून भिंतीत आणि तिथून थेट उशाशी पोचतो. हल्ली टॉवरमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात, ज्यांना सगळे मायवानच्या भिंती म्हणतात. शेजारचं बोलणं त्या चांगलं अडवतात, पण ठोका सलग काँक्रीटमधून वरच्या आणि खालच्या मजल्यावरही जातो. असा आवाज जिथे निघतो तिथेच धरावा लागतो.

सिस्टरनी धीर करून शेजारच्या आजींना सांगितलं. आजी त्याच संध्याकाळी दुकानात आल्या. "अगो, ती पोर रात्रभर जागते आणि मी तिला दिवसा झोपू देत नाही, आणि मला कुणी बोललंच नाही," म्हणाल्या. दुकान बंद केल्यावर मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांच्याकडे जे केलं, ते कुठल्याही घरात करता येतं, म्हणून सविस्तर सांगते.

आधी दार कशामुळे आपटतं, ते. हल्लीच्या किचनला बहुतेक ठिकाणी ऑटो हिंज असते. शटरच्या आतल्या बाजूला ३५ मिलिमीटरचा गोल खड्डा पाडून त्यात हिंजची वाटी बसवतात आणि तिचा हात कपाटाच्या बाजूच्या फळीवरच्या प्लेटला अडकवतात. आत स्प्रिंग असते. दार पूर्ण उघडं असताना ती दाराला धरून ठेवते. बंद व्हायला थोडं अंतर राहिलं की तीच स्प्रिंग दार खेचून घेते. सोय चांगली आहे, दार अर्धवट उघडं राहून डोक्याला लागत नाही, झुरळांना फट मिळत नाही. पण शेवटच्या टप्प्यात दार आपल्या हातात नसतं. १८ मिलिमीटर प्लायचं, सनमायका लावलेलं शटर तितक्याच कडक कडेवर जाऊन बसतं आणि पोकळ कपाट ढोलासारखं घुमतं.

काहीही विकत घेण्याआधी दार सरळ करून घ्या, हे माझं पहिलं सांगणं. यासाठी एक स्टार स्क्रू ड्रायव्हर पुरतो. हिंजच्या हातावर एकामागे एक दोन स्क्रू दिसतात. पुढचा, म्हणजे वाटीच्या जवळचा, फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं. मागचा सैल केला की दार आत-बाहेर करता येतं, मग तो पुन्हा आवळायचा. वर-खाली करायचं असेल तर प्लेटचे स्क्रू सैल करायचे, त्यांची भोकं त्यासाठीच लांबट ठेवलेली असतात. प्रत्येक दिशेला दोन-तीन मिलिमीटरचीच मुभा असते आणि बहुधा तेवढी पुरते. पाव आट्याने फिरवायचं, दार लावून बघायचं, मग पुढचा पाव आटा. तिरकं झालेलं दार आधी एका कोपऱ्यावर आपटतं आणि मग उरलेलं बसतं, त्यामुळे आवाज दुहेरी येतो. आजींच्या ओव्हरहेडचं मधलं दार असंच झुकलेलं होतं. ते सरळ केल्याबरोबर फरक त्यांना स्वतःला ऐकू आला.

बऱ्याच घरांत स्क्रू नुसताच गोल फिरतो, आवळत नाही. भोकाचा आटा गेलेला असतो. पार्टिकल बोर्डमध्ये, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीत, हे लवकर होतं, प्लायमध्ये उशिरा. शटर उतरवा, भोकातला भुसा झटकून टाका, गुलाचं टोक मोडलेल्या आगकाड्या किंवा बांबूच्या टूथपिक फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासून भरा, रात्रभर वाळू द्या, वर आलेलं टोक ब्लेडने कापा आणि मग तोच स्क्रू हाताने बसवा. मशीनने बसवू नका, जोर जास्त लागला तर नवा आटाही घासून जातो. बोर्ड पाण्याने फुगून त्याचा चुरा झाला असेल तर काड्यांनी भागत नाही. तिथे स्टीलची पट्टी मारून त्यावर हिंज बसवावी लागते, नाहीतर हिंजची जागा थोडी हलवावी लागते, आणि दोन्ही कामं सुताराची आहेत.

दार सरळ झालं की बंपर. पारदर्शक सिलिकॉनचे छोटे गोल ठिपके असतात, आठ-दहा मिलिमीटर रुंद आणि दोन-तीन मिलिमीटर जाड, मागे चिकट. शंभर रुपयांच्या आत पानभर मिळतात आणि त्यात अख्ख्या किचनचं काम होतं. हँडलच्या बाजूला, शटरच्या आतून, एक वरच्या कोपऱ्यात आणि एक खालच्या, जिथे शटर कपाटाच्या कडेला टेकतं बरोबर तिथे. दोन्ही सारख्याच जाडीचे हवेत, नाहीतर दार पुन्हा तिरकं बसतं. "ताई, तुमचे बंपर गळून पडले," ही तक्रार मी सतत ऐकते. स्वयंपाकघरातल्या दारांच्या कडेवर फोडणीच्या तेलाचा थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने तो पुसा, कोरडं करा, शक्य असेल तर स्पिरिटचा बोळा फिरवा, मग बंपर चिकटवून अर्धा मिनिट दाबून धरा. फेल्टचे, म्हणजे लोकरीसारख्या कापडाचे ठिपकेही मिळतात. ते वॉर्डरोबला चांगले, स्वयंपाकघरात मात्र तेल पितात आणि चपटे होतात. बंपर लावल्यावर हँडलकडची बाजू किंचित बाहेर आल्यासारखी वाटली, तर हिंजच्या मागच्या स्क्रूने दार तेवढं जुळवून घ्यायचं.

बंपरने कडक ठोक्याचा मऊ ठोका होतो. तोही नको असेल तर डँपर. बोटाएवढी नळी असते, तिच्या आत घट्ट सिलिकॉन तेल आणि एक दट्ट्या. दार येऊन दट्ट्याच्या टोकाला टेकतं, तेल बारीक वाटेने सरकतं आणि दाराचा वेग मोडतो. दार जितक्या जोरात येईल तितका तेलाचा विरोध जास्त. घराच्या मुख्य दाराला वर डोअर क्लोजर असतो, त्याचं काम याच तत्त्वावर चालतं. सुट्या डँपरला छोटं घर असतं, ते दोन स्क्रूंनी कपाटाच्या आत बसतं. जुनी हिंज तशीच राहते, शटरला भोक पाडावं लागत नाही. भाड्याच्या घरातल्यांना मी हाच सुचवते, जाताना काढून नेता येतो.

डँपर कुठे बसवायचा, यावर बरंच अवलंबून आहे आणि सुतार याबाबत फारसा विचार करत नाहीत. हँडलच्या बाजूला बसवला तर दाराला चांगला रेटा देतो, पण अगदी शेवटच्या क्षणी. हिंजच्या बाजूला बसवला तर दार बरंच उघडं असतानाच काम सुरू करतो, पण रेटा कमी पडतो. म्हणून जड, उंच शटरला हँडलच्या बाजूकडे, आणि छोट्या हलक्या शटरला हिंजच्या बाजूकडे. हलक्या दाराला हँडलजवळ डँपर लावला तर स्प्रिंगचा जोर अपुरा पडतो आणि दार बोटभर उघडं राहतं. आणि ज्या दाराला स्प्रिंगच नाही, साधी बिजागरी आहे, त्याला डँपर लावण्यात अर्थ नाही. तो दाराला परत बाहेर ढकलेल. तिथे मॅग्नेट कॅचर, म्हणजे दार धरून ठेवणारं चुंबक, आणि त्याच्या जोडीला बंपर, एवढंच करावं.

आता सॉफ्ट क्लोज हिंज, ज्याला आमचे सुतार हायड्रॉलिक हिंज म्हणतात. यात हेच डँपर हिंजच्या वाटीत किंवा हातात बसवलेलं असतं. ऑस्ट्रियाच्या ब्लुम कंपनीने दार आणि खण हळू बंद करणारी आपली यंत्रणा २००१ मध्ये बाजारात आणली. आज आपल्याकडे अनेक कंपन्यांच्या अशा हिंज मिळतात. जुन्या ऑटो हिंजच्या जागी ती बसते का, असं गिऱ्हाईक विचारतात. वाटीचा खड्डा ३५ मिलिमीटरचाच असतो, त्यामुळे बहुतेक वेळा बसते. दोन गोष्टी मात्र जुळाव्या लागतात. पहिली क्रँक. शटर कपाटाची कड पूर्ण झाकतं, दोन शटरं मिळून एक कड अर्धी-अर्धी झाकतात, की शटर चौकटीच्या आत बसतं, त्यावर हिंजच्या हाताचा वाक ठरतो. दुकानात त्यांना झिरो, आठ आणि सोळा क्रँक म्हणतात, कंपनीप्रमाणे आकडा थोडा इकडेतिकडे. चुकीची क्रँक आणली तर स्क्रू कितीही फिरवा, दार जुळत नाही. दुसरी गोष्ट, वाटीच्या दोन बाजूंच्या स्क्रूंमधलं अंतर. काही हिंजमध्ये ते ४८ मिलिमीटर असतं, काहींमध्ये ४५ किंवा ५२. ते वेगळं निघालं तर नवी भोकं पाडावी लागतात आणि जुन्या भोकांना खेटून पाडलेलं भोक टिकत नाही.

सगळ्या हिंज सॉफ्ट क्लोज घ्यायलाच हव्यात असंही नाही, आणि हे दुकानदार असूनही मी सांगते. दोन हिंजच्या छोट्या शटरला एक सॉफ्ट क्लोज आणि एक साधी पुरते. दोन्ही सॉफ्ट क्लोज लावल्या तर हलकं दार इतकं मंद होतं की कधीकधी पूर्ण बसतच नाही. चांगल्या हिंजवर डँपर बंद करायची छोटी कळ असते, तिनेही हे साधतं. उलट वॉर्डरोबला हिंज कमी लावून पैसे वाचवू नयेत. तीन फुटांपर्यंतच्या शटरला दोन ठीक, पण सात फुटी शटरला चार किंवा पाच लागतात. तीनवर टांगलेलं सात फुटी दार वर्षभरात झुकतं आणि मग कुठलाही डँपर त्याला गप्प करू शकत नाही.

सॉफ्ट क्लोज दार बसवल्यावर घरातल्यांना एक सवय लावून घ्यावी लागते. दार अर्ध्यात आणून सोडून द्यायचं. आपला हात मात्र जुन्या सवयीने ते दाबून लावतो. रोज दाबलं की आतली सील लवकर जाते, तेल गळतं आणि दोन वर्षांत दार पुन्हा आपटायला लागतं. मग दोष हिंजला दिला जातो. लहान मुलांना ही सवय सगळ्यात लवकर लागते. त्यांची बोटं चेमटण्याचं भयही कमी होतं, आणि माझ्या मते आवाजाइतकंच हेही मोलाचं आहे.

ट्रॉल्यांचं गणित वेगळं आहे. खण ज्या पट्ट्यांवर सरकतो ते टेलिस्कोपिक चॅनल. त्यातही सॉफ्ट क्लोज मिळतात. जुने बदलायचे तर लांबी तीच घ्यायची, वीस इंची असेल तर वीस इंची, आणि खण व कपाट यांच्यात दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाची फट आहे का ते आधी मोजायचं. चॅनलवर किती किलोचा भार चालतो ते लिहिलेलं असतं. आपण मात्र एका खणात कुकर, पाटा-वरवंट्याऐवजी आलेला मिक्सर, तांदळाचा दहा किलोचा डबा असं सगळं भरतो. भाराखाली वाकलेला चॅनल कडकड करतोच. स्टीलच्या जाळीच्या ट्रॉलीत ताटं उभी असतील तर दार शांत झालं तरी ताटं वाजतात. तळाला रबरी मॅट अंथरली की ती गप्प होतात. चॅनलमध्ये पिठाचा आणि तेलाचा चिकटा जमतो, तो कोरड्या फडक्याने काढून मग सिलिकॉनचा स्प्रे थोडासा. खोबरेल तेल घालू नका. पहिले काही दिवस छान सरकतं, मग त्यावर धूळ बसून चिखल होतो. हिंज कुरकुरत असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब तिच्या सांध्यात पुरतो, डँपरच्या नळीवर मात्र काही घालू नये.

लोखंडी कपाटं अजून घराघरांत आहेत, विशेषतः आमच्या विक्रोळीत. त्यांच्या चौकटीवर, दार टेकतं त्या रेषेत, चिकट फोमची किंवा रबराची बारीक पट्टी लावली की पत्र्याचा खणखणाट जातो. पुढच्या पायांखाली घडी घातलेला पुठ्ठा सारून कपाट किंचित मागे झुकवलं की दार आपोआप उघडून हेलकावेही खात नाही.

पावसाळ्याबद्दल सांगायलाच हवं. जूनपासून मुंबईची हवा ओली होते, प्लाय आणि बोर्ड थोडे फुगतात, शटरं एकमेकांना घासायला लागतात. लोक सुताराला बोलावून रंधा मारून घेतात. आषाढात रंधा मारलेलं दार मार्गशीर्षात फटीचं दिसतं. पावसाळ्यात हिंजच्या स्क्रूनेच जुळवून घ्यावं आणि दसऱ्यानंतर पुन्हा बघावं. सिंकखालच्या कपाटाला तर शक्यतो ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची हिंज लावावी, निकेलचा मुलामा असलेली साधी हिंज तिथे लवकर गंजते. त्याच कपाटात संडास धुण्याचं ॲसिड ठेवू नये. बाटलीचं झाकण नीट लावलेलं असलं तरी त्याची वाफ सुटते आणि हिंज, चॅनल, स्क्रू सगळं काही महिन्यांत खाऊन टाकते. गंजलेली हिंज आधी कुरकुरते, मग अडकते, आणि मग आपण दार जोराने लोटतो.

पुनर्विकासात घर मिळालेल्यांना आणि नवं किचन करून घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सुताराच्या किंवा इंटिरिअरवाल्याच्या अंदाजपत्रकात नुसतं "हिंज आणि चॅनलसह" असं लिहिलेलं असतं. ते मान्य करू नका. कुठल्या शटरला किती हिंज, त्यांतल्या सॉफ्ट क्लोज किती, सिंकखाली कुठल्या, चॅनल किती किलोचे, प्लाय आयएस ७१० मार्काचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय आहे का, हे लिहून घ्या. आणि ओव्हरहेड कुठल्या भिंतीवर येतात ते शेजाऱ्यांना विचारून बघा. पलीकडे त्यांची बेडरूम असेल आणि जागा बदलणं शक्य नसेल, तर कपाट आणि भिंत यांच्यात रबराची पट्टी घालून मग ते आवळायला सांगा. पट्टी घातली म्हणून स्क्रू ढिले ठेवायचे नाहीत, कपाट पूर्ण भाराने भिंतीवर टांगलेलं असतं. काम चालू असताना हे सांगितलं तर सुताराचा फार तर अर्धा तास जातो. नंतर सगळी भांडी उतरवून, कपाट खाली घेऊन करायला कुणी तयार होत नाही. सोसायट्यांनीही फ्लॅटच्या कामाला परवानगी देताना जी नियमांची यादी हातात ठेवतात, त्यात ड्रिलिंगच्या वेळा आणि डेब्रिजचे पैसे असतात. तिथे या रबराच्या पट्टीची एक ओळ घालायला काय हरकत आहे?

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्राच्या घर-सजावटीच्या पानांवर सुंदर किचनची छायाचित्रं असतात, रंगांची आणि दगडांची माहिती असते. त्यात कधीतरी दाराच्या आतल्या बाजूचं छायाचित्र छापावं आणि एखाद्या अनुभवी सुताराकडून हिंजचे स्क्रू कसे फिरवायचे ते वाचकांना दाखवावं. हे काम घरातली कुठलीही बाई किंवा शाळेतलं मोठं मूलही करू शकतं. आजींकडे पुढच्या वेळी दार झुकलं तेव्हा त्यांच्या नातीने ते स्वतः सरळ केलं. सिस्टर आता दुकानात येतात त्या दुसऱ्याच खरेदीसाठी.

आणि वाचकांना एक सांगते. हिंज बदलायची ठरवलीत तर जुनी एक काढून सोबत दुकानात न्या, मोबाइलवरच्या फोटोत क्रँक ओळखू येत नाही. तिथल्या तिथे काउंटरवर नवी हिंज हाताने उघडून-मिटून बघा. शेवटच्या टप्प्यात ती बोटाला हळू विरोध करायला हवी. खट्कन मिटली तर ती परत करा, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

आपली,
हार्डवेअर दुकानातली एक वाचक
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई